हिराच्या बांगड्या

माझी बायको हिरा घाबरट होती. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. तिच्यात जे चांगलं होतं ते सगळं या घाबरटपणातूनच निघालेलं होतं.

घरातून निघाली की कुलूप ओढून बघायची. फाटकापर्यंत जायची, परत येऊन पुन्हा ओढायची. विहिरीवर पत्रा, पत्र्यावर दगड, त्या दगडावर आणखी एक दगड. बोयसरच्या कारखान्यांकडे कधी काही फुटलं की आमच्या खिडक्या थरथरतात. अख्खं गाव बाहेर येतं, धूर कुठला ते बघतं नि आत जातं. हिरा बादल्या भरून ठेवायची.

मी म्हणायचो, "त्या आगीला तुझ्या बादल्या पुरतील काय?"

"नाय पुरल्या तर तुमी पाय धुवा," म्हणायची.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "भ्यालेल्याचं घर जळत नाय." कुठून शिकली कोण जाणे. तिच्या आईकडून असेल. गावात कोणी तिच्या भित्रेपणावर हसलं की हेच तोंडावर मारायची.

आमचं घर तारापूरच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला. चार चिकू, थोडे नारळ आणि बाकी सगळी कागड्याची, गजऱ्यात घालायची पांढरी फुलं. मी बोयसरला कापडाच्या कारखान्यात रंगखात्यात राबलो. वाडी तिनेच धरली. उजाडायच्या आत कळ्या खुडायच्या, केळीच्या पानात बांधायच्या आणि दादरला फुलं नेणाऱ्या टेम्पोत टाकायच्या, हा तिचा जन्मभराचा धंदा. दोन्ही हातांत कोपराकडे सरकतील इतक्या काचेच्या बांगड्या. कळ्या खुडताना त्यांचा बारीक आवाज चालूच. ती कुठे आहे हे मला कधी बघावं लागलं नाही. ऐकलं की कळायचं. या ओळीत आहे, विहिरीकडे गेली, चुलीपाशी बसली. आता सकाळी मी ओट्यावर बसतो तेव्हा वाडी अगदी गप्प असते. असो.

आमच्या प्रशांतची बायको सुप्रिया. माहेर दातिवऱ्याचं, कोणाला न घाबरणारी पोर. लग्नानंतरही बोयसरला एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. तिला दिवस राहिले तेव्हा आमच्याकडच्या रीतीने कोणाला सांगितलं नाही. तीन महिने पुरे होईपर्यंत ओठ उघडायचे नाहीत, नजर लागते. घरातल्या घरातसुद्धा हिरा "तिचं ते" एवढंच म्हणायची.

त्याच दिवसांत सुप्रियाच्या पॅकिंगमधल्या मुलींना एकामागून एक अंगावर पुरळ आलं. तिकडे बिहार-यूपीकडच्या पोरी फार. त्यातली एक तिला म्हणाली, "भाभी, कुछ नहीं, छोटी माता है. नीम डालके नहाओ." दोन दिवसांनी सुप्रिया अंगात कसर घेऊन घरी आली. मानेमागे गाठी आल्या आणि तोंडापासून पोटापर्यंत तांबडं बारीक पुरळ उठलं.

आमच्याकडे असं पुरळ म्हणजे बाय आली. देवी पाहुणी आली. मग डॉक्टर नाही, सुई नाही. पाहुणीला सुई टोचतात का? हिराने दाराला कडुलिंबाचे डहाळे लावले, घरात फोडणी बंद केली, सुप्रियाला पाल्यावर निजवलं. मला चप्पल घालून उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पुरळ गेलं. डागसुद्धा राहिला नाही. हिरा दहीभाताचा थंड नैवेद्य नि ओटी घेऊन देवळात गेली आणि हसत आली.

"बाय खेळून गेली," म्हणाली. "पोरीला हातसुद्धा लावला नाय."

आयुष्यात एकदाच ती भ्याली नाही, ते तेव्हा.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. हिराने दातिवऱ्याला पाठवायला नकार दिला. ऐन वेळी तिथून दवाखाना लांब पडेल म्हणाली. सुप्रियाच्या आईशी त्यावरून भांडण झालं. पालघरला मुलगी झाली, तनू. वजनाला कमी, एवढीशी, पण रडायला खणखणीत. हिरा तिच्या नाकाशी बोट धरून श्वास लागतो का बघायची. मी म्हणालो, "रडतेय म्हणजे श्वास घेतेयच की."

"रडं थांबल्यावर बघते मी," ती म्हणाली.

पाचवीच्या पूजेला तिन्हीसांजेला बायका जमल्या. हिराने निरांजन घेऊन बाळाला ओवाळलं. दिवा डावीकडे गेला, उजवीकडे गेला. मी दारातून बघत होतो. तिचा हात मधेच थांबला. तिने दिवा परत फिरवला, एकदम हळू. तनूचे डोळे उघडे होते, पण दिव्यामागे गेले नाहीत. आणि दिवा जवळ आला तेव्हा बुबुळाच्या मधल्या काळ्या ठिपक्याजागी पांढरं चमकलं. आम्ही खाडीकाठची माणसं. मासा शिजला की त्याचा डोळा कसा पांढरा होतो ते आम्हाला सांगावं लागत नाही.

शेजारची कमळ वाकून बघत म्हणाली, "अगो, डोल्यात मोती हाय! लक्ष्मी हाय गो ही. नशीब काढशील, हिराकाकी."

काजळाची डबी उघडून समोर ठेवलेली होती. ती हिराने झाकण लावून पदरात बांधली. दुसरं कोणी काजळ घालेल म्हणून. बायकांना हळदीकुंकू लावून वाटेला लावलं आणि मला म्हणाली, "सकाळी पालघरला जायचं. टेम्पोवाल्याला सांगून या."

"मोठी झाली की निवळेल," मी म्हणालो.

"शिजला डोला निवलतो काय कधी?" ती म्हणाली.

पालघरला सरकारी दवाखान्यात डॉक्टरने बॅटरी मारून बघितलं, छातीला नळी लावली, आणि त्याचं तोंड गंभीर झालं. त्याने सुप्रियाला विचारलं, "दिवस राहिल्यावर सुरुवातीला कधी ताप, अंगावर पुरळ आलं होतं?"

सुप्रियाने हिराकडे बघितलं. हिराने डॉक्टरकडे बघितलं. म्हणाली, "आलेलं. मीच पाल्यावर निजवली तिला."

त्या आजाराचं नाव रुबेला, जर्मन गोवरही म्हणतात. नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात बाळाचं रक्त तपासून पक्कं झालं. तिथली डोळ्यांची डॉक्टरीण वयाने आमच्या प्रशांतएवढीच, पण बोलायला नीट. तिने सांगितलं की आईला पहिल्या महिन्यांत हा आजार झाला तर तो पोटातल्या बाळाच्या डोळ्यांत, कानांत, काळजात जाऊन बसतो. तनूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा डोळा मुळातच बारीक, आणि त्याच्या आतल्या पडद्यावर तिखटमीठ शिंपडल्यासारखे ठिपके असावेत असा तिला संशय. एका कानाला कमी ऐकू येत असावं. काळजाजवळ जन्मल्यावर बंद व्हायची एक नळी उघडी राहिलेली.

हिराने सगळं ऐकून एकच विचारलं. "मी तेव्हाच दवाखान्यात नेली असती तर?"

डॉक्टरीण म्हणाली, "आजी, तेव्हा देऊन उपयोग होईल असं औषध नाहीच. तेव्हा तपासलं असतं तर आधी कळलं असतं, एवढंच. लस लागते ती लग्नाआधी, दिवस राहायच्या आधी."

"म्हणजे माझी चूक नाय?"

"नाही."

"बरं," हिरा म्हणाली. पण तिने ते घेतलं नाही. मला कळत होतं. परतताना टेम्पोत ती खिडकीबाहेर बघत होती. विरार गेल्यावर म्हणाली, "बाय कशी म्हणायची हिला? पाहुणी म्हणून घरात घेतली, नि ती पोरीचे डोले घेऊन गेली." त्यानंतर तिने देवीला शिव्या दिल्या नाहीत आणि नैवेद्यही नेला नाही. देवळावरून जाताना मान दुसरीकडे करायची, भांडलेल्या शेजारणीसारखी. आणि लग्नाची पोर कुठे दिसली की विचारायची, "ती सुई घेतलीस काय गो, गोवराची?" हळदीत, बारशात, कुठेही.

ऑपरेशन लवकर करायला पाहिजे होतं. डोळ्यात उजेड गेला नाही तर मेंदू बघायला शिकतच नाही, मग पुढे डोळा साफ करूनही उपयोग नाही, असं डॉक्टरीण म्हणाली. आणि काळजाची ती नळी असताना एवढ्या जिवाला भूल द्यायचीही भीती. म्हणजे थांबलो तरी धोका, न थांबलो तरी धोका. काळजाच्या डॉक्टरने बघून हो म्हटल्यावर पहिला डोळा केला, मग काही दिवसांनी दुसरा. मी नि प्रशांत बाहेर बाकावर बसायचो. हिरा बसायची नाही. ऑपरेशनच्या दाराला हात लावून उभी राहायची. शिपाई हाकलायचा, ती दोन पावलं मागे सरकायची आणि पुन्हा तिथेच. शेवटी तो म्हणाला, "मावशी, दार पडायचं नाही, सोडा."

"मी धरलं म्हणून पडलं नाय," ती म्हणाली.

घरी आणल्यावर डोळ्यात थेंब घालायचे, दर थोड्या वेळाने, रात्रंदिवस. या आजाराच्या डोळ्याला आतून सूज फार येते म्हणून. हिरा हात साबणाने धुवायची आणि मग त्या हाताने कशालाही, स्वतःच्या नाकालासुद्धा, हात लावायची नाही. दोन्ही हात वर धरून यायची, अंगात आल्यासारखी.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. बाळाच्या लघवीत, लाळेत हा आजार वर्षभर राहू शकतो. तपासणी साफ येईपर्यंत गरोदर बाईला जवळ येऊ द्यायचं नाही. झालं. हिरा ओट्यावर दारात पाट टाकून बसायला लागली. बाळाला बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायची, "पोटुशी हायस काय?" आणि बायकांत हे विचारायचं नसतं, पहिल्या महिन्यांत तर नाहीच. म्हाताऱ्या हसायच्या. एक म्हणाली, "माजं वय काय, तू विचारतेस काय!" हिरा म्हणाली, "नाय म्हण नि आत जा."

एकदा कमळ आपल्या नव्या सुनेला घेऊन आली. लग्नाला काही महिनेच झालेले. हिराने विचारलं. कमळ भडकली. "हिराकाकी, माझ्या सुनेला भर ओट्यावर असं विचारतेस? लाज हाय काय?" भांडण चांगलं रंगायला लागलं. दोघी एकमेकींच्या सासरच्या मुळापर्यंत पोचल्या. एवढ्यात बघतो तर सून नाही. ती पोर गुपचूप मागे वळून फाटकाबाहेर जाऊन उभी राहिलेली, जमिनीकडे बघत. कमळने भांडण अर्ध्यात टाकलं. तिला स्वतःलाच तेव्हा कळलं.

हिरा उठली, आतून गुळाचा खडा आणून कमळच्या हातावर ठेवला. म्हणाली, "तोंड गोड कर. नि पोरीला तपासायला ने. उद्याच ने."

कमळने त्यानंतर महिनाभर आमच्याकडे पाय ठेवला नाही. सुनेला मात्र तपासायला नेलं. तिचा नातू चांगला ठणठणीत झाला. बारशाचं बोलावणं द्यायला आली तेव्हा हिराच्या गळ्यात पडून रडली.

डोळ्यातला मोती काढला म्हणजे दिसलंच असं नाही. डोळ्यातलं भिंगच काढलेलं, इतक्या बारीक डोळ्यात नवं घालत नाहीत. म्हणून तनूला चष्मा आला. बाटलीच्या बुडासारख्या काचा, मागे पट्टा. त्यात तिचे डोळे मोठाले दिसायचे. गावातली पोरं "बेडूक" म्हणायची, हिरा त्यांच्यामागे काठी घेऊन धावायची. तनू तो ओढून काढायची. घातला, काढला. घातला, काढला. सुप्रिया रडकुंडीला आली. हिराने माझा मोडका चष्मा काचा काढून स्वतः घातला. तनूने तो ओढला की हिरा मोठ्याने रडायचं सोंग करायची, आणि पुन्हा घालायची. रिकाम्या चौकटीतून बघत ती वाडीत फिरायची, फुलं खुडायची. टेम्पोवाला म्हणाला, "काकी, काचा पडल्या की तुमच्या!" ही म्हणाली, "मला तशाच लागतात. तू वजनाचा काटा नीट बघ."

तनूने चष्मा राहू द्यायला सुरुवात केली. पण हिराचं पोट काही भरलं नाही. तिला दुसरीच भीती लागली.

हिरा जवळ आली की तनू तिच्याकडे तोंड फिरवायची, हसायची. सुप्रिया खूश, प्रशांत खूश. म्हणाले, दिसायला लागलं. हिरा हसली नाही. दुपारी माझ्याशेजारी येऊन बसली. "अवो, ती मला बघते की माझ्या बांगड्या ऐकते?"

मी म्हणालो, "काय फरक पडतो?"

"फरक पडत नाय?" ती माझ्यावर ओरडली. "एका कानाने तरी ऐकतेच ती. आवाजाकडे तोंड केलं नि आपण म्हटलं दिसलं, तर पुढे काय? डॉक्टरीण विचारेल, दिसतं काय, आपण हो म्हणू. खोटंच."

ती उठली, साबणाचं पाणी केलं आणि एकेक करून सगळ्या बांगड्या उतरवल्या. दोन्ही हात रिकामे. लग्नात भरल्या तेव्हापासून ते हात मी कधी मोकळे बघितले नव्हते. मनगटं पांढुरकी पडली होती. नवरा जिवंत असताना बाई हात मोकळे ठेवत नाही. एखादी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. इथे ही सगळ्याच काढून डब्यात टाकत होती.

"मी मेलो नाय अजून," मी म्हणालो.

"मरतही नाय," ती म्हणाली. "तुमच्यासारखं माणूस बांगड्यांनी मरत असतं तर बरंच झालं असतं."

गावात बोभाटा झाला. कमळ कानाशी येऊन म्हणाली, "हिराकाकी, निदान एकेक तरी ठेव गो." हिरा म्हणाली, "एकीला आवाज नाय, दुसरीला हाय. एक ठेवली नि माळेला लागली तर?" मंगळसूत्रसुद्धा ब्लाऊजच्या आत खोचलेलं होतं. पायातल्या जोडव्यांवर चिंधी बांधली.

मग ती तनूकडे जायची, पाय न वाजवता. ओट्याच्या या टोकाकडून, उजेडाच्या बाजूने. हाक नाही, टाळी नाही. श्वाससुद्धा धरून. तनू झोळीत बसलेली, चष्मा लावून समोर बघणारी. हिरा तिच्यासमोर जाऊन उभी राहायची.

तनू बघायची नाही.

पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी ओट्यावर बसून ते बघायचो. हिरा मागे वळून माझ्याकडे बघायची. तोंडावर काही नाही. मग ती बाजूला जाऊन नुसती तनूचं नाव घ्यायची, आणि तनू आवाजाकडे वळून हसायची. हिराचं खरं ठरलं होतं. पोर ऐकत होती.

तिने ते डॉक्टरणीला जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरणीने तपासून चष्म्याचा नंबर बदलला. म्हणाली, लहान मुलांचा बदलत राहतो, बरं झालं सांगितलंत. आणि म्हणाली, थांबू नका, दाखवत राहा, मोठे नि भडक रंग दाखवा. हिराने बोयसरच्या बाजारातून नारिंगी साडी आणली. अशी भडक की गावातल्या लग्नातही कोणी नेसणार नाही. ती नेसून ही बाई बिनबांगड्यांची, गुपचूप, झोळीपुढे जाऊन उभी राहायची. रोज. भुतासारखी.

तो दिवस कोणता ते मला आठवत नाही. मी चिकूची टोपली रिकामी करत होतो. हिरा झोळीपुढे उभी होती, आणि तनूने मान वर केली. साडीवरून वर, तोंडापर्यंत. थांबली. आणि तोंड भरून हसली. हिरा डावीकडे सरकली, तनूची मान डावीकडे. उजवीकडे, तर उजवीकडे. हिरा तरीही आवाज करेना. तोंडावर पदर दाबून ती तशीच इकडून तिकडे सरकत राहिली, आणि पोर तिच्यामागे मान फिरवत राहिली.

मला वाटलं आता ही बांगड्या भरेल. कासाराला बोलवतो म्हणालो तर म्हणाली, "एका डोल्याने बघितलं. दुसऱ्याचं काय?"

कारण उजवा डोळा अजून आळशी होता. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून रोज थोडा वेळ त्याला कामाला लावायचं असतं. पट्टी लावली की तनू किंचाळायची. अर्थात किंचाळणार, तिला दिसत होतं तेवढंही कोणीतरी झाकून टाकलेलं. सुप्रियाच्याने ते बघवायचं नाही, ती विहिरीवर जाऊन बसायची. मग हिराने तो डबा काढला. हातात बसतात त्याहून सैल, हिरव्या, लाल, पिवळ्या बांगड्या मागवून त्यात ठेवल्या. पट्टी लावली की ती त्या हातात घालायची, मांडी घालून बसायची आणि डोळे मिटून घ्यायची. तनूने आळशी डोळ्याने बघून एकेक बांगडी ओढून काढायची. सगळ्या निघाल्या की हिरा डोळे फाडून म्हणायची, "दिसलीस गो!" आणि तनू खदखदून हसायची. आधी तनू हाताने चाचपून शोधायची. हिरा हात मागे घ्यायची. "चाचपायचं नाय. बघायचं." हळूहळू ती बघून उचलायला लागली. पुढे चालायला, बोलायला लागली तेव्हा स्वतःच पट्टी नि डबा घेऊन यायची. "आजी, काधू?"

भीती संपली असं नाही. एकदा हिराने सकाळी बघितलं की तनू उजेडाकडे पाठ करतेय, डोळा पाणावलाय, बुबुळावर निळसर धुकं. आम्हाला तर काही दिसलं नाही. टेम्पो फुलांनी भरलेला, निघायच्या बेतात. हिराने त्याची पुढची सीट पकडली. त्या डोळ्यात आतला दाब वाढला होता, काचबिंदू. या आजाराच्या मुलांना तो कधीही होऊ शकतो. थेंबांवर आटोक्यात आला. डॉक्टरीण म्हणाली, जन्मभर तपासत राहायचं. हिराने तेव्हापासून रोज उजाडताना तनूचे डोळे बघायची रीत लावली. तनू झोपेत असली तर तिच्या उठण्याची वाट बघत बसून राहायची. मी विचारलं, "जन्मभर बघणार आहेस?"

"माझ्या जन्मभर," ती म्हणाली. "पुढचं तुमी बघा."

मी तिला हसलो. माझ्या आधी ती जाईल असं मला कधी वाटलंच नव्हतं. भित्री माणसं उशिरा मरतात असं मी धरून चाललो होतो.

ती कागड्याच्या ओळीत गेली, सकाळी, खुडताना. टोपली आडवी आणि ती शेजारी. आवाज झाला नाही. बांगड्या नव्हत्याच हातात. असत्या तर मी ऐकलं असतं काय, हा विचार माझ्या डोक्यात येतो नि जातो. डॉक्टर म्हणाला काळीज थांबलं, झटकन.

बायका जमल्या. सवाशीण गेली म्हणजे भाग्याची गेली, तिला हिरवा चुडा भरून पाठवायची. कासार यायला वेळ नव्हता. कमळने घरात शोधलं, तिला तो डबा सापडला. त्यातल्या हिरव्या बांगड्या तिने रडत रडत हिराच्या दोन्ही हातांत भरल्या. कपाळभर कुंकू लावलं. हात पोटावर ठेवले. मी भिंतीशी बसलो होतो. ते हात मला हिराचे वाटेनात.

सुप्रियाने त्याही सकाळी तनूला पट्टी लावली होती. मी विचारलं, आज कशाला? ती म्हणाली, "आई ओरडल्या असत्या."

तनू बायकांच्या मधून वाट काढत आली. चष्मा, एका काचेमागे पट्टी. उघडा होता तो उजवा, तो बारीक, आळशी डोळा. तिने हिराकडे बघितलं. मिटलेले डोळे बघितले. मग हातांकडे बघितलं. तिच्या तोंडावर एकदम ओळख आली, आणि ती खाली बसली. पहिली बांगडी धरून ओढली.

"अगो, नाय, नाय!" कमळने तिचा हात धरला. "सवाशिणीच्या हातातला चुडा हाय बाय तो. तसाच जायचा."

बायका कुजबुजल्या. कोणीतरी तनूला उचलायला वाकली.

मी म्हणालो, "काढू दे."

"काका, असं करतात काय?"

"काढू दे तिला."

कमळने हात सोडला. तनूने एकेक बांगडी काढली. घाई केली नाही. काढलेली बाजूला नीट ठेवली, हिरा ठेवायची तशी. या हाताच्या झाल्या, त्या हाताच्या झाल्या. मग ती हिराच्या तोंडावर वाकली, इतकी जवळ की चष्मा तिच्या नाकाला लागला, आणि वाट बघत राहिली.

बराच वेळ तशीच राहून ती मागे सरली. एखादी बांगडी राहिली असेल असं तिला वाटलं असावं. तिने हिराचा हात उचलला, उलटा केला, सुलटा केला, पदराखाली वाकून बघितलं, डब्यात बघितलं, चटईच्या कडेला बघितलं. हिराचा हात सोडल्यावर स्वतःचे हात तिने मांडीवर ठेवले होते. चाचपत नव्हती. बघत होती.